लढाई संपल्यावर पिवळी घरी येते

रंजू,

तुझी ती चौदा पानं मी काल वाचली. काल, म्हणजे तू गेल्याला सोळा दिवस झाल्यावर. त्याआधी तू मला फोनवर दोनदा विचारलं होतंस, वाचली का, आणि दोन्ही वेळा मी वाचली म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. मी दोन पानं वाचली होती, मला कंटाळा आला होता, आणि वही हॉस्टेलच्या पेटीत जुन्या जर्नलांखाली ठेवून दिली होती. हे आधीच सांगून टाकते. बाकीचं सगळं गोड गोड लिहून हे दडपलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस. तुझ्यासमोर माझं खोटं कधी टिकलं नाही. फोनवर टिकलं असं मात्र मला आज सकाळपर्यंत वाटत होतं.

हॉस्टेलच्या मुली विचारतात, तुझी कोण होती ती? मी मैत्रीण म्हणते, आणि तो शब्द मला तोकडा वाटतो. आपण दोघी मिळून पाच पोरींचा संसार सांभाळत होतो, आणि त्या पोरी जपानच्या होत्या. असं सांगितलं तर त्या मला चार दिवस घरी जाऊन आराम कर म्हणतील.

नववीतली गोष्ट. संध्याकाळी साडेपाचला ते कार्टून लागायचं. चित्रं जपानची, बोलणं हिंदी. पाच शाळकरी मुली, एरवी आपल्यासारख्याच, गृहपाठ न करणाऱ्या. पण संकट आलं की त्या केसांची फीत सोडायच्या, गर्रकन फिरायच्या, अंगावर चमचमणारे कपडे यायचे, आणि मग राक्षसाची काही खैर नसायची. त्यांची जपानी नावं आपल्या तोंडात बसली नाहीत, म्हणून आपण रंगावरून नावं ठेवली. लाल, निळी, हिरवी, जांभळी, आणि सगळ्यांची म्होरकी पिवळी. तुमच्याकडे केबल नव्हती. सिंदीतल्या आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत टीव्ही होता. तिथे तू सव्वापाचलाच येऊन बसायचीस, ओढणीच्या टोकात बोरं बांधून. त्या बोरांच्या बिया तू कुठे टाकायचीस हे माझ्या आईला खोलीतली साखरेची पोती हलवली तेव्हा कळलं.

मी लाल घेतली, कारण ती सगळ्यात जास्त भांडायची. तू पिवळी घेतलीस. मला वाटलं, म्होरकी म्हणून घेतलीस, आणि मी दोन दिवस रुसले. खरं कारण तू फार उशिरा सांगितलंस. तुझ्या डोळ्यांत कायम पिवळट झाक असायची, सिकलसेलची, आणि शाळेतले पोट्टे तुला हळद म्हणून चिडवायचे. "टीव्हीतल्या पिवळीले कोणी चिडवत नाई," तू म्हणालीस, "तिले पाहून राक्षस पळते." रक्ताचा तो आजार तुझ्या जन्मापासूनचा होता. थंडी वाढली की हाडं दुखायला लागायची आणि तू आठ-दहा दिवस दवाखान्यात. मग परत. तू नसलीस की बाई हजेरीत तुझ्या नावापाशी किंचित थांबून पुढे जायच्या, आणि तो थांबा मला आवडत नसे.

कार्टूनचा शेवटचा भाग लागणार होता. आठवडाभर जाहिरात चालू होती, काळ्या राणीशी आखरी जंग. आणि नेमकं त्याच दिवशी सिंदीत साडेचार ते साडेसात भारनियमन. मी रडायच्या बेताला आले. तू पेपरातलं वेळापत्रक कात्रीने कापून आणलंस आणि त्यावर बोट ठेवलंस. हिंगणीला त्या वेळेत लाईट होती, आणि हिंगणीला तुझी मावशी होती.

"तिच्याकडं टीव्ही आहे काय?" मी विचारलं.

"आहे ना वं. मोठा आहे."

घरी सांगितलं, बोर धरणाजवळच्या झाडांची पानं गोळा करायची आहेत, शाळेचं काम आहे. एका एसटीने सेलू, दुसऱ्या एसटीने हिंगणी. पाच वाजता पोचलो. लाईट होती. टीव्हीही होता, सरकत्या लाकडी दाराचा. मावशीने दार सरकवलं, बटण दाबलं, आणि एक गृहस्थ संत्र्यावरच्या रोगाबद्दल बोलायला लागले. आपण बटणं फिरवली. दूरदर्शन. पुन्हा दूरदर्शन. मग मी बाहेर जाऊन वर पाहिलं तर कौलांवर अँटेना. तीन दिवस आपण दोघींनी लाईटचं गणित मांडलं होतं, एसटीच्या वेळा पाठ केल्या होत्या, आणि केबलचा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता. ते गृहस्थ साडेपाच वाजून गेले तरी संत्र्यावरच होते.

"टीव्ही लागला, लाईट आहे, मंग तोंडं काऊन पाडून राह्यल्या?" मावशीने विचारलं. तेव्हा तू तिला सगळी गोष्ट सांगितलीस, गोंडीत. मावशीशी तू तुमच्याच बोलीत बोलायचीस. मला एक अक्षर कळत नव्हतं. मधेच तू हात गोल फिरवलास तेव्हा फीत सोडली एवढं समजलं. मावशी दिवसभर जंगल खात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरून आलेली होती, हाताला अजून माती होती, पण तिने मन लावून ऐकलं. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला आणि तू हसत सुटलीस.

"काय म्हणाली?"

"म्हणते, लढून आल्यावर या पोट्ट्यांसाठी जेवण कोण झाकून ठेवते?"

मला तो प्रश्न अगदीच येडपट वाटला. तुला वाटला नाही. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून तोच चघळत होतीस. मी म्हणाले, काळी राणी मेली असणार आणि पाचही जणी ताऱ्यांच्या महालात राज्य करायला गेल्या असणार. तू म्हणालीस, "नाई वं. घरी गेल्या असतीन. सकाळी शाळा राहीन ना त्यांची." सिंदी येईपर्यंत आपण भांडलो. गावात कुणाला विचारावं तर कुणीच पाहिला नव्हता, सगळ्यांकडेच लाईट गेलेली. पुढच्या महिन्यात केबलवाल्याने ते चॅनेलच काढून टाकलं. तो भाग आपल्याला कधीच पाहायला मिळाला नाही, म्हणून ते भांडण मिटायला काही मार्गच उरला नाही. मिटलं असतं तर पुढची पाच वर्षं आपण बोललो कशावर असतो, देव जाणे.

दोनशे पानी वही तू आणलीस आणि नियमही तूच केलेस. एक प्रकरण तू लिहायचं, एक मी. जिची पाळी तिच्याकडे वही. आणि एकीने लिहिलेलं दुसरीने रद्द करायचं नाही. ते स्वप्न होतं, तो भास होता, असली पळवाट चालणार नाही. झालं ते झालं. तुझं पहिलं प्रकरण मला पाठ आहे: "पिवळी काळ्या राणीला मारून घरी आली. दारात चपला काढल्या. आई म्हणाली, दळण आणलं काय? पिवळी म्हणाली, विसरली. मग परत चक्कीवर गेली." बस. संपलं प्रकरण. मी वही तुझ्या अंगावर फेकली होती.

मग मी सूड घेतला. पुलगावच्या बाजूने रुळांवरून तीन डोक्यांचा राक्षस चालवत आणला, लालने त्याची तिन्ही डोकी उडवली, आणि त्या झटापटीत सरकीच्या गोदामाची भिंत पडली. तुला राक्षस रद्द करता येत नव्हता. तू पुढच्या प्रकरणात त्याचा पंचनामा केलास. राक्षसाचं पूर्ण नाव, राहणार कुठला, वय अंदाजे, आणि लाल बिचारी बोटं मोडत उभी. मी इतकी हसले की आई दुकानातलं गिऱ्हाईक सोडून मागे पाहायला आली. पुढे असंच चाललं. मी राक्षस आणायचे आणि तू दुसऱ्या दिवशीची सकाळ आणायचीस. तुझी जांभळी कुकरच्या शिट्टीला दचकून पलंगाखाली शिरायची. निळीला उडायची इतकी सवय की तिला जिना चढायचा कंटाळा यायचा. हिरवीचा हात लग्नातला बँड ऐकून आपोआप केसांतल्या फितीकडे जायचा, मग ती ओशाळून गजराच नीट करायची. पिवळीचा उजवा खांदा थंडीत दुखायचा. ती निलगिरीचं तेल लावायची आणि कामाला लागायची, त्याबद्दल तू कधी एका ओळीपेक्षा जास्त लिहिलं नाहीस.

दहावीच्या जानेवारीत तू अकरा दिवस दवाखान्यात होतीस. मी बाबांबरोबर भेटायला आले तेव्हा तू मला ओळखलंस, पण तुला बोलता येत नव्हतं. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तू घरी आल्यावर मी तुझ्या खाटेवर बसून विचारलं, कसं होतं? मला लढाई ऐकायची होती, खोटं कशाला बोलू.

"काल मायनं पोहे केलते," तू म्हणालीस. "वरून तर्री, कच्चा कांदा. दोन प्लेटा खाल्ल्या."

"अवं, पण दुखलं कसं?"

"दुखलं ना. तू पोह्याचं आईक आधी."

आणि तू पोह्यांबद्दल दहा मिनिटं बोललीस. कांदा किती बारीक चिरला होता, लिंबू कसं नेमकं संपलं होतं, शेजारून आणायला कोण गेलं. मला वाटलं तू टाळते आहेस. तू तर मला सगळ्यात महत्त्वाचं तेच सांगत होतीस, आणि मी मधेमधे तुला तोडत होते.

बारावीला तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी नागपूरच्या हॉस्टेलचे दोन फॉर्म आणले, एक तुझा, एक माझा. तुझ्या फॉर्मवर मी तुझं नावसुद्धा घालून ठेवलं होतं. तू तो हातात घेतलास, अक्षर छान आहे म्हणालीस, आणि परत दिलास. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तू काम धरलं होतंस आणि परीक्षा बाहेरून देणार होतीस. मला कळेना हे काय. सिंदी स्टेशनच्या बाकावर बसून आपण जे भांडलो, ते आपलं एकच खरं भांडण.

"तू भेऊन राह्यली," मी म्हणाले.

"हो ना. भेतेच. तिथं मले दुखलं तर कोणाले उठवू?"

"मले उठव ना."

"तुले झोपेतून उठवून पाह्यलं आहे मी. राक्षस बरा."

मी हसले नाही. मी म्हणाले, "एवढे मार्क घेऊन झेरॉक्स काढशीन? हरली तू, रंजे."

तू रुळांकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तुले वाटते मी हरली. मी हरली नाई वं. दर टाइमाले मी घरी येते ना, तेच खूप असते. तुले नाई समजत ते. अन देव करो, कधी समजू नये."

मला तो उपदेश वाटला, आणि उपदेश मला कुणाचाच चालत नाही. गाडी आली, मी चढले, आणि मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण तुला दिसणार नाही अशा बेताने.

त्या दिवाळीच्या सुट्टीत वही माझ्याकडे होती. मी पिवळीला मारलं. काही गरज नव्हती. राक्षसही फार मोठा नव्हता, मी याहून तिप्पट मोठे राक्षस आणले होते. पण मी तिला एकटीला पुढे पाठवलं, बाकीच्यांना उशीर करायला लावला, आणि मग स्फोट, प्रकाश, सगळं आकाश पिवळंजर्द, असलं सगळं चार पानं लिहिलं. वही नेऊन तुझ्या दुकानात दिली. तू उभ्याउभ्याच वाचलंस, दोन गिऱ्हाइकांच्या मधे. शेवटचं पान उलटलंस आणि म्हणालीस, "चांगलं लिहिलं वं. आवाज भल्ला झाला असंन." मी वाट पाहत होते, आता तू चिडशील, आता तू रडशील. तेवढ्यात कुणीतरी रेशनकार्डाच्या तीन प्रती मागितल्या आणि तू मशीनकडे वळलीस. मी कुणावर रागावून कुणाला मारलं होतं, हे आपल्याला दोघींनाही चांगलं माहीत होतं. मी माफी मागितली नाही. ती मागायची राहिलीच.

एक मात्र कबूल करते. त्या दुकानात तू शोभायचीस. मी सुट्टीत यायचे तेव्हा काउंटरच्या आत स्टुलावर बसून पाहायचे. झेरॉक्ससाठी लोक कागद द्यायचे आणि तू तो मशीनवर ठेवण्याआधी वाचायचीस. "काका, इथं सही राह्यली." "मावशी, जन्मतारीख दोन जागी दोन लिहिली, आधी ते सुधरवा." अर्धी सिंदी तुझ्याकडून फॉर्म भरून घ्यायची. तुझ्या ड्रॉवरमध्ये पेन, टाचण्या, आणि तुझ्या रोजच्या गोळ्यांची पट्टी असायची, आणि शेजारी पाण्याची मोठी बाटली, कारण तुला पाणी सारखं प्यावं लागायचं. तू खूश होतीस. मला ते दिसत होतं आणि मला त्याचा राग यायचा. माझी मैत्रीण इतक्यात खूश कशी, असा तो राग होता. आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

होळीला तू वही परत दिलीस. तुझं प्रकरण चौदा पानांचं, आजवरचं सगळ्यात मोठं. मी हॉस्टेलवर उघडलं तर पहिलं वाक्य असं: "दुसऱ्या दिवशी नळ सहाला आले." पुढे बादल्या, पुढे पाण्याचे पितळी गुंड, पुढे कुणाची पाळी आधी. पिवळी मेली आहे आणि ही बया नळाचं पाणी भरत बसली, असं मनात म्हणून मी वही मिटली.

"वही वाचली काय?" तू फोनवर विचारलंस.

"वाचली ना."

"मंग?"

"मस्त आहे. आता पाळी माझी, पण सबमिशन आहे बाप्पा, वेळच नाई."

"बरं," तू म्हणालीस. दिवाळीनंतर पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच म्हणाले, आणि तू पुन्हा बरं म्हणालीस. मग आपण तुझ्या मालकाच्या नव्या लॅमिनेशन मशीनबद्दल बोललो. त्यात पहिल्याच दिवशी कुणाचं तरी लग्नप्रमाणपत्र अडकलं होतं आणि नवरा-बायको दोघंही दुकानात येऊन बसले होते. तू सांगताना इतकी हसत होतीस की मला निम्मं समजलंच नाही.

मग एका शुक्रवारी आईचा फोन आला, रंजूला पुन्हा दवाखान्यात नेलं आहे. मी म्हणाले, नेहमीचंच असेल, रविवारी येते. तू दरवेळी परत यायचीस, त्याची मला सवय झाली होती. शनिवारी दुपारी तू गेलीस. मी आले तेव्हा माती होऊन गेली होती. तुमच्या दारापर्यंत आले, दारातल्या चपला पाहिल्या, आणि तशीच मागे फिरले. नागपूरला जाऊन वर्गात बसले, मेसमध्ये जेवले, एक परीक्षाही दिली. मुली म्हणाल्या, सोनल फार धीराची आहे.

काल शेवटी पेटी उघडली आणि वही काढली.

रंजू, काय लिहिलंस गं तू. नळ सहाला येतात, पण पिवळीच्या आईला अंथरुणातून उठणं होत नाही, म्हणून हिरवी येऊन बादल्या लावते. कुणी तिला सांगितलेलं नाही. निळी पिवळीच्या घरचं रेशन आणायला रांगेत उभी राहते. जांभळी कुकर लावते आणि शिट्टी होते तेव्हा दचकायची विसरते. पुतळा नाही, भाषण नाही, सूड नाही. माझ्या त्या पिवळ्याजर्द आकाशाबद्दल एक ओळ आहे: "धुणं वाळायला दोन दिवस जास्त लागले." मी वाचता वाचता मोठ्याने हसले आणि शेजारच्या खाटेवरची मुलगी माझ्याकडे पाहायला लागली.

आणि लाल कुठेच नाही. दहा पानं झाली तरी लालचा पत्ता नाही. अकराव्या पानावर पिवळीची आई विचारते, लाल काऊन आली नाई? निळी म्हणते, तिला राग आला आहे. कोणावर? पिवळीवर, मेली म्हणून. तेव्हा आई म्हणते, मंग बरोबर आहे, येईन ती. महिन्याने लाल येते. चहा पिते, दुसरा मागते. मग चौघी गुपचूपवाल्याच्या गाडीवर पाणीपुरी खायला जातात आणि सवयीने पाच प्लेटा सांगतात. पाचव्या प्लेटीत सहा पुऱ्या. प्रत्येकीने एकेक खाल्ली, दोन उरल्या, आणि त्या दोनवरून गाडीवाल्यासमोर जुंपली. लाल म्हणते, पिवळी माझी जास्त होती, दोन्ही मले. आणि शेवटचं वाक्य, चौदाव्या पानाच्या तळाशी: "वर्ष सरायच्या आत चौघी पहिल्यासारख्या हसू लागल्या."

तुला आधीच सगळं कळलं होतं, तू मला धीर देऊन ठेवलास, असं काही मी म्हणणार नाही. असलं कुणी म्हटलेलं तुला खपलं नसतं. तू फक्त नियम पाळलास. पिवळी मेली होती, ते रद्द करता येत नव्हतं, म्हणून तू दुसरा दिवस लिहिलास. पण मी ज्या रागाने तिला मारलं, त्या रागालासुद्धा तू तुझ्या प्रकरणात जागा दिलीस, त्याला चहा दिलास, तेही दोनदा. एवढं माझ्यासाठी आणखी कुणी केलेलं नाही.

आज सकाळी सिंदीला उतरले ती थेट तुमच्या घरी गेले. काकू, तुझी माय, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी फक्त सरकून जागा केली. मी बसले, सोलायला लागले. मग मला राहवलं नाही.

"काकू, रंजूनं मले वही दिलती. वाचली म्हणून सांगतलं मी तिले. वाचली नवती."

काकूंचा हात थांबला नाही. "मालूम होतं तिले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी इचारलं होतं एक डाव, सोनलले आवडलं काय म्हणून. तर म्हणे, वाचलीच नाई माय तिनं. वाचली असती तर पहिल्या गाडीनं भांडायले आली असती."

मी शेंगा टाकल्या आणि काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सतरा दिवसांचं एकदम. त्यांनी शेंगांचे दाणे चिकटलेला हात माझ्या केसांवरून फिरवला. त्या रडल्या नाहीत, त्यांचं बहुतेक रडून झालं होतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मंग? वाचली आता?"

"वाचली."

"काय चुकलं तिचं?"

त्यांना सांगता आलं नाही, तुला सांगते. तुझं शेवटचं वाक्य चुकलं आहे. वर्ष सरायच्या आत म्हणे. निळी हसेल. हिरवी हसेल, जांभळीचं तर काय, ती चार दिवसांत हसेल. लाल हसणार नाही. तू तिला नववीपासून ओळखत होतीस, तरी असं कसं लिहिलंस? एका वर्षात होत नाही ते, रंजू. दोन वर्षांतही होणार नाही. तू साफ चुकलीस, आणि हे तोंडावर सांगायला मी पहिल्या गाडीनं आले आहे. बोल आता.